निरीक्षणाचे रकाने किती असावेत?

प्रश्न : आमचा शालेय संघ ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्ये उतरतो. गेल्या वेळी इतर संघांच्या स्काउटिंगसाठी, म्हणजे त्यांचा खेळ पाहून नोंदी ठेवण्यासाठी, आम्ही भलामोठा तक्ता केला होता. मात्र अलायन्स (एकत्र खेळणाऱ्या संघांचा गट) निवडायची वेळ आली तेव्हा त्यातून काहीच ठरवता आले नाही आणि आम्ही गुणतालिकेतला वरचा संघ घेऊन मोकळे झालो. तक्त्यात काय ठेवावे? शिवाय, दुसऱ्यांचे रोबो असे न्याहाळणे ही हेरगिरी तर नव्हे?

उत्तर : हेरगिरीची शंका आधी निकालात काढू. या स्पर्धेत प्रत्येक सामना तीन-तीन संघांच्या दोन अलायन्समध्ये होतो आणि सकाळी ज्याच्याविरुद्ध खेळलो तोच संघ बाद फेरीत आपला साथीदार होऊ शकतो. त्यामुळे आपला रोबो इतरांनी नीट पाहावा, ही ज्याची त्याची गरजच असते. पिटमध्ये, म्हणजे संघ आपापले रोबो दुरुस्त करतात त्या जागी, जाऊन खुशाल विचारावे. फक्त तिथे मिळणारी उत्तरे बरेचदा रोबो काय करू शकेल याची असतात, तो मैदानात काय करतो याची नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे.

गुणतालिकेवर विसंबणे मात्र महागात पडते. पात्रता फेरीत साथीदार वेळापत्रक ठरवते, क्रमवारीचे गुण संपूर्ण अलायन्सच्या कामगिरीवर मिळतात, आणि दहा-बारा सामन्यांत नशिबाचा वाटा पुरता धुऊन निघत नाही. त्यामुळे सामान्य रोबो भक्कम साथीदारांच्या जोरावर वर चढलेला आढळतो. अलायन्सच्या एकूण गुणांवरून प्रत्येक संघाचा वाटा गणिताने काढणारा ‘ओपीआर’ हा आकडा त्याहून बरा आहे, पण प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून सामना फिरवणाऱ्या रोबोचे श्रेय त्यात उमटत नाही.

म्हणूनच माणसाने बसून मोजणे अजूनही सुटलेले नाही. मैदानात सहा रोबो असतात, तेव्हा सहा जण बसवावेत आणि प्रत्येकाने एकाच रोबोवरून नजर हलू देऊ नये. रकाने पाच-सहाच पुरेत : स्वयंचलित टप्प्यात काय साधले, त्यानंतर किती वस्तू कुठे टाकल्या, किती नेम चुकले, सामन्याच्या शेवटी करायचे काम पूर्ण झाले का, रोबो मध्येच बंद पडला का. ‘चालक कसा वाटला? १ ते ५’ असले रकाने सरळ काढून टाकावेत, कारण एकाचा तीन म्हणजे दुसऱ्याचा पाच असतो. त्याऐवजी एक ओळ मोकळी ठेवावी. ‘समोरून अडवले की मागे न सरता तिथेच ढकलत राहतो’ असे कोणी तिथे लिहिले, तर ते कोणत्याही सरासरीपेक्षा अधिक सांगून जाते. आणि हो, तासन्‌तास मोजणारी मुले कंटाळतात आणि कंटाळलेला मुलगा अंदाजाने आकडे भरतो. म्हणून आळीपाळीने विश्रांती द्यावी.

या नोंदींवरून साथीदारांच्या पसंतीची यादी करायची; ती किती लांब असावी, हे निवडीच्या पद्धतीवरून ठरते. बाद फेरीसाठी साथीदार निवडणारे कर्णधार संघ आठ असतात. पहिल्या फेरीत १ ते ८ आणि दुसऱ्या फेरीत ८ ते १ अशा क्रमाने ते निवड करतात. त्यामुळे पहिल्या कर्णधाराची दुसरी निवड एकूण सोळावी ठरते आणि तोवर इतर २२ संघ गुंतलेले असतात; अर्थात आपल्या यादीत निदान २३ नावे हवीत. पहिला साथीदार निवडताना गुण पाहावेत. दुसऱ्यासाठी वेगळी क्रमवारी लावावी आणि तीत न बिघडणारा, अडवणूक करू शकणारा, आपल्या दोघांच्या वाटेत न येणारा रोबो वर ठेवावा. तुमच्या तक्त्याची खरी कसोटी याच निवडीत लागते. ज्यांच्याबद्दलचे आपले आकडे आणि ओपीआर जुळत नाहीत, अशा संघांचे दोन-तीन सामने चित्रफितीवर आदल्या रात्री पुन्हा पाहावेत आणि मगच त्यांची जागा पक्की करावी.