४८०चं अडॅप्टर आणि २८चा वेग

प्रश्न : मिरजेत वीस वर्षं डीटीपीचं दुकान होतं, आता बंद केलंय. २००३ सालच्या कॉम्प्युटरमधली ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क जपून ठेवली आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, दोन दिवाळी अंकांची पानं, सगळं तिच्यात आहे. डिस्कवर ‘अल्ट्रा एटीए/१००’ छापलंय. यूएसबीला जोडायचं अडॅप्टर आणलं, त्याच्या खोक्यावर ४८० एमबीपीएस. दुकानदार म्हणाला, “डिस्कच्या जवळपास पाचपट आहे, बिनधास्त न्या.” कॉपी करायला बसलो तर पडद्यावर २८! अडॅप्टर डुप्लिकेट निघालं की डिस्कच गेली?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दोन्ही धडधाकट आहेत. घोळ एका अक्षराचा आहे. इंग्रजीत मोठा ‘बी’ म्हणजे बाइट आणि लहान ‘बी’ म्हणजे बिट. देवनागरीत ‘एमबी’ लिहिलं की लहान-मोठं काही उरतच नाही, म्हणून मी तरी हे शब्द पूर्ण लिहितो. तुमच्या अडॅप्टरचे ४८० हे मेगाबिट आहेत. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ६० मेगाबाइट झाले. डिस्कवरचे १०० मात्र मुळातच मेगाबाइट. ४८० शेर हे १०० मणांपेक्षा जास्त, असा हिशेब दुकानदाराने केला. अडॅप्टर पाचपट नाही, उलट डिस्कच्या दारापेक्षा अरुंद आहे.

आता एकावर बिट आणि दुसऱ्यावर बाइट का? आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची जोडणी; तिची ती चपटी पट्टी आठवा. तिच्यात माहितीच्या १६ तारा शेजारीशेजारी असतात, दर खेपेला २ बाइट एकदम जातात. साहजिकच मोजणी बाइटमध्ये. मोठ्या मशिनांतल्या डिस्कच्या जुन्या ‘स्कझी’ जोडणीचंही तेच. तिचा ‘अल्ट्रा वाइड’ प्रकार म्हणजे सेकंदाला २ कोटी खेपा आणि खेपेला २ बाइट, म्हणून ४० मेगाबाइट. यूएसबी आणि साटा (आयडीईच्या जागी आलेली डिस्कची जोडणी) यांच्यात बिट एकामागोमाग एक धावतात, म्हणून तिथे बिट मोजतात. (पट्टीवरून आठवलं. ४० तारांऐवजी ८० बारीक तारांची पट्टी लावली नसेल, तर एटीए/१००ची डिस्क मुकाट ३३वर चालते. मी बुधवार पेठेत दुरुस्तीला बसायचो तेव्हा ‘मशीन स्लो झालंय’ म्हणून आलेल्या कित्येक डब्यांचं औषध ही एवढी पट्टी असायची.)

साटात आणखी एक मेख आहे. पहिल्या साटावर १.५ गिगाबिट लिहिलेलं असे. ८ने भागलंत तर १८७ येतील, आणि ते चूक. तिथे १०ने भागायचं. देवगडच्या पेटीत आंब्याबरोबर पेंढा भरतात ना, तसे दर ८ बिटांमागे २ बिट वरचे जातात. नुसत्या शून्यांची लांबलचक रांग आली तर पलीकडच्या चिपला कुठला बिट कितवा हे कळेनासं होतं, म्हणून ही भरताड. उरतात १५० मेगाबाइट. म्हणजे १३३च्या शेवटच्या आयडीईवरून १५०० मेगाबिटच्या साटावर जाणाऱ्यांच्या पदरात जेमतेम सव्वातेरा टक्के... नाही, नीट मांडतो : १५० भागिले १३३, तेरा टक्क्यांनाही थोडं कमीच. तेव्हा ‘अकरापट’ म्हणून विकणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

सीडी ड्राइव्हवर छापलेल्या ‘५२ एक्स’ या वेगाचंही विचारून टाकतात लोक : १ एक्स म्हणजे सेकंदाला १,५३,६०० बाइट. त्याला ५२ने गुणा, ८ मेगाबाइटच्या जरा आत येतं, तेही फक्त चकतीच्या बाहेरच्या कडेला.

मग ६०चे २८ कसे झाले? यूएसबीचा स्वतःचा पत्रव्यवहार वजा जाता माहितीसाठी फार तर ५३ उरतात, आणि स्वस्त अडॅप्टरमधून ३०-३५ निघाले तरी चांगलं म्हणायचं. शिवाय डिस्कवरचे १०० हा तिच्या दाराचा आकडा आहे. आतल्या तबकडीवरून त्या काळची डिस्क बाहेरच्या कडेला ५०च्या आसपास आणि आतल्या बाजूला ३०च्या आसपास वाचते. २८ने तुमची भरलेली डिस्क साधारण २४ मिनिटांत उतरेल. बारक्या फायली हजारोंनी असतील तर दुपार जाईल. ३७.२ जीबीच दिसते म्हणून घाबरू नका. कंपनी १००० बाइटचा किलोबाइट धरते, विंडोज १०२४चा.

यूएसबी ३चं अडॅप्टर घेऊ का, हा पुढचा प्रश्न येणारच. नका घेऊ. त्याच्यावर ५ गिगाबिट, म्हणजे (पुन्हा १०ने भागून) ५०० मेगाबाइट लिहिलेलं असेल, पण तबकडी काही तरुण होणार नाही. पाच-दहा मिनिटं वाचतील. त्यापेक्षा डिस्कच्या मागचा जंपर (पिनांवरची बारीक टोपी) ‘मास्टर’वर आहे ना ते बघा. फायली एकेक उघडून बघत बसू नका. आधी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’सारख्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, नव्या डिस्कवर घ्या, मग निवांत चाळा. मध्येच टकटक आवाज आला तर वीज काढा आणि पुन्हा लावून बघायचा मोह आवरा.

आणि विंडोजच्या फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर विसरू नका. तुमच्या पत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असणार. तो नसेल तर फाइल उघडेल, पण ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल.