आधी टायर बघ, मग पीएस मोज

ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन घ्यायची की टाटाची अल्ट्रोझ रेसर? दोन्ही 120 पीएसच्या (पीएस म्हणजे इंजिनच्या ताकदीचं माप), टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, 172 आणि 170 एनएम. कागदावर भांडण्यात अर्थ नाही. दोन्हींत ताकद पुढच्याच चाकांना आणि गाडी वळवायचं कामही त्यांनाच. ताम्हिणीत भर पावसात वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दाबलास की पुढची चाकं नुसती फिरतात, गाडी बाहेर सरकते. स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की मगच हळूहळू दाब.

सेकंड हँड बघत असशील तर टायरवरचे तारखेचे चार आकडे वाच: 1819 म्हणजे 2019चा अठरावा आठवडा. एवढ्या जुन्या, कडक रबरावर हँडलिंगची, म्हणजे वळणावर गाडी कशी वागते त्याची, तुलना करूच नकोस, विकणारा काहीही म्हणो. माझं मत एन लाइनला; तिला मागेही डिस्क ब्रेक आहेत.