भात आडवं झाल्यावर विमा कुठे जातो?

प्रश्न : आमची मुरबाड तालुक्यात दीड एकर भातशेती आहे. मी कळव्याला राहते, शेत दीर बघतात. ऑक्टोबरअखेर भात कापून सुकायला टाकलं आणि पावसाने गाठलं. दाण्यांना मोड आले. विमा भरला होता, पण भिजलेल्या कडप्यांना काही मिळणार नाही, असं सांगितलं. असं कसं?
– एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, कृषी सहायक म्हणून तीस वर्षं याच भागात बांधांवरून फिरलो. भिजलेलं कडपं उचललं की वरचा पेंढा वाळलेला वाटतो. खालच्या लोंब्या चिखलाला चिकटलेल्या, आंबूस वास, प्रत्येक दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब. अजून डोळ्यांसमोर आहे.

तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. पूर्वी कापलेलं पीक 14 दिवसांत भिजलं आणि 72 तासांत कळवलं, तर भरपाई मागता येत होती. 2025च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला, त्याबरोबर हे कलमही गेलं. आता साऱ्या परिसराचं सरासरी उत्पादन तेवढं बघतात. त्यासाठी पीक कापणी प्रयोग करतात, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून उत्पादन मोजतात. तो प्रयोग उभ्या पिकावर होतो. तुमचं भात उभं होतं तोवर उत्तमच होतं! एक रुपयाच्या विम्यात बोगस अर्ज झाले होते, मान्य. पण हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. हवामान खात्याने 2020 मध्येच मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर नेली. पाऊस लांबतोय हे सरकारी कागदावर आहे, आणि लांबलेल्या पावसाचं कलम मात्र काढून टाकलं. कोकणातल्या भाताला सर्वांत जास्त गरज त्याचीच होती.

आता दिरांना तलाठ्याकडे लेखी अर्ज द्यायला सांगा, कापलेल्या भाताच्या फोटोंसह. ई-पीक पाहणीत भाताची नोंद आहे ना, ते बघा. नुकसान 33 टक्क्यांवर असेल तर सरकारी मदत मिळते. केंद्राचा कोरडवाहूचा दर हेक्टरी 8,500 रुपये, म्हणजे गुंठ्याला 85च्या आसपास. दीड एकराला पाच हजारांच्या थोडं वर. लावणीची मजुरीसुद्धा त्यात निघायची नाही, तरी सोडू नका.

पुढच्या खरिपात सगळं रान एकाच जातीचं नको. थोडं हळवं (लवकर तयार होणारं), थोडं गरवं (उशिरा तयार होणारं) लावा, म्हणजे सगळी कापणी एका पावसात सापडणार नाही. ग्रामसभेत हे कलम परत आणण्याचा ठराव मांडा. आणि एक, मोड आलेल्या या भातातलं बियाण्याला एक पायलीही ठेवू नका. ते परत उगवणार नाही.