लखनौला मुद्दाम जावं असं तिथं काय आहे?

दिल्ली-आग्रा बघून झालंय, आता लखनौसाठी वेगळी रजा टाकावी का, असं तुम्ही विचारलंय. टाका. फक्त ताजमहाल डोळ्यांत ठेवून जाऊ नका. तो संगमरवर आणि लाल दगड पाहिलेल्या माणसाला लखनौच्या इमारती पहिल्या नजरेत कळकट वाटतात. इथं नवाबांनी जे बांधलं ते बहुतेक पातळ लखौरी विटांत आणि चुन्यात, वरची नक्षीही चुन्याच्या गिलाव्यात कोरलेली. शाही थाट दगडाचा नाही, कारागिराच्या हाताचा. हे ध्यानात घेऊन फिरलं की शहर आवडायला लागतं. मला तरी तसंच आवडलं.

रूमी दरवाज्याखाली उभं राहून वर बघा. जिथं गिलावा गळून पडलाय तिथं आतल्या दीडेक इंची विटा दिसतात. शेजारीच बडा इमामबाडा. अवधचा नवाब आसफउद्दौलानं १७८४ मध्ये, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला. दिवसा मजूर बांधायचे आणि रात्रीच्या अंधारात घरंदाज मंडळी तोंड लपवून पाडायला यायची, म्हणजे त्यांचीही चूल पेटायची, ही गोष्ट गाइडकडून हमखास ऐकायला मिळते. खरीखोटी देव जाणे, पण ७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं घरी ऐकलेल्या माणसाला ती लगेच पटते.

मधला दिवाणखाना साधारण ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. मध्ये एक खांब नाही, वर तुळई नाही. एवढ्या मोठ्या छताचा भार पेलायला वर आणि भिंतींत पोकळ बोळ ठेवलेत, तोच भुलभुलैया. म्हणजे लोक ज्याला खेळ समजतात ती मुळात बांधकामाची युक्ती आहे. आमच्या गाइडनं सज्जाच्या पलीकडच्या टोकाला काडेपेटीची काडी ओढली आणि तो चर्रर्र आवाज थेट आमच्या कानाशी आला. गाइड घ्याच, कंजूषपणा करू नका. आणि ही वास्तू मोहरमच्या शोकसभांसाठी आहे, तेव्हा आत सेल्फीचा धुडगूस नको.

रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज रेसिडेंटच्या जुन्या वसाहतीच्या अवशेषांत, संध्याकाळच्या आधी जा. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाहला गादीवरून उतरवलं आणि पुढच्याच वर्षी, १८५७ च्या उठावात, इथं वेढा पडला. भिंतींवर तोफगोळ्यांचे खड्डे अजून तसेच आहेत. हिरवळीवर कॉलेजची पोरं डबा खात बसलेली असतात.

चिकनचं, म्हणजे लखनवी भरतकामाचं, कापड घेणार असाल तर एक सावधगिरी. आमच्या ई-रिक्षावाल्यानं ‘सरकारी दुकान आहे’ म्हणून एका ठिकाणी नेलं, तिथं भाव जास्त होते आणि त्याचं कमिशन उघड दिसत होतं. सरळ ‘चौक’ नावाच्या जुन्या बाजारात पायी फिरा. तिथं अर्धवट झालेले कुर्तेही बघायला मिळतात. कापडावर लाकडी ठशानं निळी नक्षी छापलेली असते, त्यावर टाके घालतात आणि मग धुलाईत ती निळाई जाते. तांदळाच्या दाण्याएवढा उठावदार टाका म्हणजे मुर्री. तो बोटाला लागला पाहिजे. कापड उलटून बघा, मशीनचं काम असेल तर मागून लगेच कळतं.

खाण्याबद्दल लिहायला लागले तर उत्तर संपणार नाही. गलावटी कबाब खा, पण मटण आहे की म्हशीचं मांस हे आधी विचारा, दोन्ही मिळतं. शाकाहारी असाल तर थंडीतच जा आणि सकाळी लवकर चौकात मक्खन मलाई गाठा. दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि वरचा केशरी फेस द्रोणात देतात. जिभेवर ठेवेपर्यंत विरतो. ऊन वर आलं की खेळ खलास. ‘पहले आप’वाली अदब मात्र रस्त्यावर शोधू नका. हॉर्न आपल्यासारखेच वाजतात. दुकानदार मात्र खरंच गोड बोलतात, अगदी काही न घेता उठलात तरी.

आणि कैसरबागेत एक चक्कर टाका. वाळकेश्वरला जन्मलेल्या, पेशानं वकील असलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ मध्ये लखनौत संगीताचं कॉलेज काढलं. आज तिथं त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, आणि तेही वाजिद अली शाहच्या परीखान्यात, जिथं नवाब गाणं-नाच शिकवून घ्यायचा. पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते बरीच वर्षं सांभाळलं. पाटीवर आपल्याकडचं नाव वाचून मी उगाचच वॉचमनला अभिमानानं सांगितलं. त्याला काही पडलेली नव्हती.

मुंबईहून जाणार असाल तर पुष्पक एक्सप्रेस थेट आहे, तिकीट मात्र बुकिंग उघडताच काढा.