मूकपटांच्या काळात खरी माणसं आणि हाताने काढलेली चित्रं एकाच दृश्यात कशी दाखवत?

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे कॅमेरा थांबवणं. १९०० सालच्या एका छोट्या चित्रपटात चित्रकार-चित्रपटकार जे. स्टुअर्ट ब्लॅकटन कागदावर बाटली काढतो आणि ती खरीखुरी हातात घेतो. चित्रीकरण मध्येच थांबवून चित्राच्या जागी वस्तू आणली, एवढंच.

१९१४ मध्ये व्यंगचित्रकार विन्सर मॅके तर स्वतः रंगमंचावर उभा राहून पडद्यावरच्या गर्टी या डायनोसॉरला हुकूम सोडायचा. शेवटी तो पडद्यामागे जायचा, त्याच क्षणी चित्रातला मॅके तिच्या पाठीवर! मला यापेक्षा सुंदर मिलाफ माहीत नाही.

डिस्नेच्या ॲलिस मालिकेत (१९२३ पासून) छोटी व्हर्जिनिया डेव्हिस पांढऱ्या पडद्यासमोर अभिनय करायची. चित्रं वेगळी टिपून नंतर दोन्ही एकाच फिल्मवर आणत.