हप्ता दोघांचा, ॲग्रीमेंट एकाच्या नावावर

"मॅडम, घर बुक केल्यापासून रोज भांडतोय आम्ही. आधी असं नव्हतं. घर घेताना सगळ्यांचंच असं होतं का?"

ठाण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आज त्यावर नीट लिहायचं ठरवलं. हो, बऱ्याच जणांचं होतं, आणि त्यातही टोकन (बुकिंगची पहिली रक्कम) दिल्यापासून ॲग्रीमेंट, म्हणजे बिल्डरसोबतचा खरेदीचा करार, रजिस्टर होईपर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी, बँकेची धावपळ, दोन्हीकडच्या घरच्यांचे फोन, त्यात सेल्सवाला रोज विचारतो कधी येताय. पण "सगळ्यांचंच होतं" म्हणून सोडून द्यावं असं मला अजिबात वाटत नाही, कारण भांडण ज्या गोष्टीवरून दिसतं त्यावरून ते बहुतेक वेळा नसतं. एका जोडप्याचं सांगते. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

दोघं तिशीतली, कळव्याला भाड्याने राहणारी. ती ऐरोलीला आयटीत, तो ठाण्यातच नोकरीला. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे अंडर कन्स्ट्रक्शन टू बीएचके बुक केलेला. माझ्याकडे आले तेव्हा वाद चालला होता तिच्या येण्याजाण्यावरून. तिचं म्हणणं, कळव्याहून ऐरोली कुठे आणि तिकडून कुठे, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये माझं आयुष्य जाणार. त्याचं म्हणणं, मेट्रो चार कासारवडवलीपर्यंत येतेय, दोन वर्षं कळ काढ. पहिलं अख्खं सेशन यातच गेलं. मला राहून राहून वाटत होतं की ट्रॅफिकवरून कुणी असं रडत नाही. त्रास खराच आहे, पण रडू वेगळं असतं.

दुसऱ्या वेळी मी त्यांना सगळे कागद घेऊन यायला सांगितलं. हे मी बऱ्याचदा करते, आकडे समोर असले की माणसं अंदाजावर भांडायची थांबतात. ॲग्रीमेंट व्हॅल्यू ८० लाख. कर्ज ६० लाख, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं, म्हणजे हप्ता साधारण ५२ हजार. आणि त्या हप्त्यात पहिल्या महिन्यात साडेबेचाळीस हजार नुसतं व्याज, हे तर त्याने तोपर्यंत मोजलंच नव्हतं. वरचे २० लाख स्वतःचे, शिवाय स्टॅम्प ड्युटी ठाण्यात ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख. बँक हे वरचे खर्च सहसा कर्जात धरत नाही, त्यामुळे हातातून जायचे जवळजवळ ३० लाख. दोघांची बचत साडेचौदा, उरलेले साधारण साडेपंधरा त्याचे बाबा देणार होते, एसटीतून रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून.

मग बँकेचं सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, बघितलं. अर्जदार तो, सहअर्जदार ती. त्याचा पगार ६५ हजार, त्याच्या एकट्याच्या पगारावर जेमतेम ३७-३८ लाख मिळाले असते, तिचे ४८ हजार धरले म्हणून ६० झाले. आणि त्याच्याखाली होता ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट. त्यात खरेदीदार एकच. तो.

मी फक्त दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हेच. हेच मला बोलता येत नव्हतं."

का बोलता येत नव्हतं ते महत्त्वाचं आहे. ती म्हणाली, नाव मागितलं तर त्याला वाटेल मी सोडून जायचा विचार करतेय, माझा विश्वास नाहीये, मी पैशाकडे बघते. हे मी कितीतरी बायकांकडून ऐकलंय. आणि मला इथे स्पष्ट बोलायचंय: नाव मागण्यात अविश्वास नसतो. सहअर्जदार म्हणून सही केली की बँकेच्या दृष्टीने अख्ख्या कर्जाची जबाबदारी दोघांवर येते, अर्धी अर्धी नाही. उद्या त्याची नोकरी गेली तर बँक तिलाच विचारणार. एवढी जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव मालकीत असावं ही साधी न्यायाची गोष्ट आहे. शिवाय जुन्या करप्रणालीत व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट दोघांना वेगवेगळी मिळू शकते, पण त्यासाठीही कर्जासोबत मालकीत नाव लागतं. (सेल्सवाल्याने त्यांना सांगितलेलं की मॅडमचं नाव टाकलं की एक टक्का स्टॅम्प ड्युटी वाचेल. महाराष्ट्रात ती सवलत खरेदीदार फक्त महिला असेल तरच मिळते, नवराबायको दोघांची नावं असली की मिळत नाही. त्यामुळे तो हिशोब डोक्यातून काढून टाका.)

त्याला मी एक काम दिलं. ती बोलेल, तू मध्ये बोलायचं नाही, तिचं म्हणणं कागदावर लिहायचं आणि तिला वाचून दाखवायचं. त्याने लिहिलं, "तिला घरात वाटा हवा आहे." ती म्हणाली, मी असं म्हटलंच नाही. परत लिहिलं, "तिला असुरक्षित वाटतंय." ती म्हणाली, नाही. तो वैतागला, पेन टेबलावर टाकलं, मग थोड्या वेळाने स्वतःच उचललं. तिसऱ्यांदा तिनेच सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिलं: "हप्ता भरायला मी आहे, कागदावर मी नाही." ते वाचून दाखवताना तो मध्येच अडखळला, आणि मला वाटतं तिथून खरं बोलणं सुरू झालं.

मग त्याची बाजू बाहेर आली. तो काही वाईट माणूस नाही, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी ऐकल्या की आपण लगेच एकाला व्हिलन करतो. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की बाबांचे आयुष्यभराचे पैसे लागतायत, त्यात बायकोचं नाव लावलं तर बाबांना काय वाटेल. मी विचारलं, बाबा तसं म्हणाले का? नाही म्हणाला. मग विचारलंस का? "बाबांना असं कसं विचारणार मॅडम."

आपल्याकडे हे फार होतं. आईवडील पैसे देतात, मुलं मान खाली घालून घेतात, आणि ते परत द्यायचे की नाही, त्या बदल्यात काय अपेक्षा आहे, यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मग वीस वर्षं प्रत्येक जण मनातल्या मनात दुसऱ्याच्या वतीने उत्तरं देत बसतो. मी त्याला एवढंच सांगितलं की पुढच्या सेशनआधी बाबांशी बोलायचं, फोनवर नको, गावी जाऊन.

गेला. बाबांचं उत्तर त्याने जसं सांगितलं तसं देते: "नाव लाव की सुनेचं, माझं काय जातंय. पण पैसे परत कधी देणार ते सांग, तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायला सांगितलंय डॉक्टरनी."

ऑपरेशनचं त्याला माहीतच नव्हतं. पोरगा घर घेतोय, त्याला कशाला टेन्शन, म्हणून आईनेच सांगू दिलं नव्हतं.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. उलट पुढचे आठवडे जास्त अवघड गेले, कारण आता खरा हिशोब करायचा होता. बाबांकडून १० लाखच घ्यायचे आणि ते हप्त्याने परत करायचे असं ठरलं, तसं साध्या कागदावर लिहून सह्या केल्या. त्यात ८० लाखांचा टू बीएचके बसत नव्हता. त्याच प्रोजेक्टमध्ये ६८ लाखांचा वन बीएचके होता, कर्ज ५२ लाख, हप्ता ४५ हजारांच्या आसपास, वरचे खर्च धरून हातातले साडेचोवीस, म्हणजे बरोबर बसत होतं. त्याला ते फार लागलं. ऑफिसात सगळ्यांना टू बीएचके सांगून झालेलं. एका सेशनमध्ये तो फक्त त्याच्यावरच बोलला आणि मी बोलू दिलं, कारण स्वप्न लहान करावं लागतं तेव्हा दुःख होतंच, त्याला लगेच "अरे घर तर झालं ना" म्हणून गप्प करू नये.

बदल करता आला कारण ॲग्रीमेंट अजून व्हायचं होतं. म्हणून सांगते, सणाच्या ऑफरची तारीख संपतेय म्हणून घाईत सही करू नका. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्यानुसार, ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. आणि अलॉटमेंट लेटर (फ्लॅट तुम्हाला दिल्याचं बिल्डरचं पत्र) हातात आलं की बुकिंग रद्द केल्यावर किती कापणार तो भाग आधी वाचा.

घरी बोलायचं तर रात्री अकरा वाजता, दोघं दमलेले असताना बोलू नका. सेल्स ऑफिसच्या केबिनमध्ये तर अजिबातच नको. आठवड्यातली एक सकाळ ठरवा, कागद समोर ठेवा, आणि टाइल्स, मजला, व्ह्यू यांच्या आधी तीन गोष्टी बोला. नावं कुणाची, घरच्यांचे पैसे कुठल्या बोलीवर, आणि एकाचा पगार थांबला तर किती महिने निघतील. दोघांचा टर्म इन्शुरन्सही त्यातच बघून घ्या.

आता काही जणी विचारतील की आमचं ॲग्रीमेंट तर होऊन गेलं, एकाच्याच नावावर, आता काय. आधी वर सांगितलं तसं लिहून, वाचून दाखवून बोला. दोघं तयार असाल तर नवऱ्याकडून बायकोला घरातला हिस्सा गिफ्ट डीडने (बक्षीसपत्राने) देता येतो, महाराष्ट्रात राहत्या घरासाठी त्याची मूळ स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे, शहरातले सेस (अधिभार) आणि बाकी खर्च वेगळे. कर्ज चालू असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) लागते. ताबा मिळाला नसेल तर बिल्डरकडे आणि नवी मुंबईत सिडकोच्या लीजच्या जमिनीवरची बिल्डिंग असेल तर सिडकोकडेही चौकशी करावी लागेल, त्यामुळे वकिलाची फी वाचवू नका. आणि ते होईपर्यंत तुमचा हप्त्यातला वाटा रोख न देता तुमच्या खात्यातूनच जाऊ द्या, म्हणजे त्याची नोंद राहील.