गॅस संपला म्हणे!

प्रश्न : आमचा फ्रीज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री. घेऊन सात वर्षं झाली. वर फ्रीझरमध्ये बर्फ होतो, सुरमईच्या तुकड्या कडक राहतात. पण खालचा भाग काही केल्या थंड होत नाही. सकाळचं दूध संध्याकाळी फाटतं, ताक दुपारीच आंबतं. मेकॅनिकने मागे हात लावून पाहिलं आणि ‘गॅस संपलाय’ म्हणाला. खर्चाचा आकडा ऐकल्यापासून ह्यांनी ‘त्यापेक्षा नवीनच घेऊ’ असा धोशा लावलाय. एक गंमत सांगते. मध्यंतरी वादळात दीड दिवस लाइट नव्हती. मासळी शेजारीपाजारी वाटून टाकली, फ्रीज उघडाच ठेवला. लाइट आल्यावर तोच फ्रीज आठवडाभर नव्यासारखा चालला आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याचा काही संबंध असेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, संबंध तर आहेच. तुम्ही गंमत म्हणून शेवटी लिहिलंत तेच निदान आहे, आणि ते तुमच्या मेकॅनिकने विचारलं असतं तर मागे हात लावायची वेळ आली नसती. तुमचा गॅस जागच्या जागी आहे. गेलेला गॅस लाइट आल्यावर आठवड्यापुरता परत येत नाही.

फ्रीजमधला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, की चालवलं म्हणून संपलं. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी नळीला भोक आहे. आणि तसं असेल तर आधी फ्रीझर ढिला पडतो. बर्फ जमत नाही, कॉम्प्रेसर न थांबता चालतो, पॅनेल काढून पाहिलं तर कॉइलच्या एका टोकाला थोडं हिम आणि बाकीची कॉइल कोरडी दिसते. तुमच्याकडे सुरमई कडक आहे, म्हणजे थंडी तयार होतेय. ती खाली पोचत नाहीये, एवढंच.

फ्रॉस्ट फ्री डबल डोअर फ्रीजमध्ये बहुधा थंडी तयार होण्याची जागा एकच असते : फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआडची अ‍ॅल्युमिनियमची कॉइल. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते. एक छोटा पंखा कॉइलवरून हवा ओढतो, बरीचशी फ्रीझरमध्ये सोडतो आणि उरलेली डक्टमधून खाली पाठवतो. दार उघडलं की बाहेरची ओल आत शिरते आणि कॉइलवर हिम होऊन बसते. तुमच्या कोकणातल्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. ते हिम वितळवायला कॉइलपाशी हीटर असतो. कॉम्प्रेसर साधारण आठ ते बारा तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि वीस-पंचवीस मिनिटं हीटर लावतो. नव्या मॉडेलांत हेच काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो. वितळलेलं पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं.

यातला हीटर लागलाच नाही तर कॉइलवर बर्फाची भिंत उभी राहते. पंखा फिरतो, पण हवेला वाटच नाही. फ्रीझर त्या बर्फाच्या शेजारी असल्यामुळे बराच काळ तग धरतो आणि खालचा कप्पा आधी मरतो. तुमच्या वादळाने दीड दिवसात ती भिंत वितळवली. हीटर मात्र अजून बंदच, म्हणून आठवड्यात ती पुन्हा उभी राहिली.

खात्री करायची असेल तर फ्रीझरचं दार उघडून दाराचा स्विच बोटाने दाबून धरा आणि कान द्या. बऱ्याच मॉडेलांत दार उघडलं की पंखा थांबतो आणि स्विच दाबला की फिरतो. (त्या वेळी कॉम्प्रेसर चालू असू द्या.) आवाजच नसेल तर पंखा गेला असण्याची शक्यता असते, आणि त्याचीही लक्षणं अशीच दिसतात. पण पंखा मेलेला असता तर लाइट जाऊन आल्यावर फ्रीज आठवडाभर सुधारला नसता. खर्र खर्र असा घासल्याचा आवाज आला तर पात्यांना बर्फ लागतोय, म्हणजे माझंच म्हणणं खरं.

तात्पुरता उपाय तुम्हाला अनुभवाने माहीत झालाच आहे. प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुनी चादर अंथरा, चोवीस तास जाऊ द्या. समोर टेबलफॅन लावला तर काम लवकर होतं. ओल्या नारळाचा चव आणि मासळी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ठेवा. कोकमाचं आगळ आणि लोणच्याच्या बरण्या फ्रीजमध्ये असतील तर त्या या निमित्ताने कायमच्या बाहेर काढा. त्यांना फ्रीज लागत नाही आणि हवेची वाट मात्र त्या अडवतात. पॅनेलवर उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिक तडकतं.

कायमचा उपाय मेकॅनिकचाच, पण त्याला काय तपासायचं ते तुम्ही सांगा. हिम वितळवणाऱ्या विजेच्या वाटेत तीन गोष्टी असतात : हीटर, बायमेटल आणि थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा तुटणारा). शिवाय टायमर किंवा बोर्ड. फ्यूज मल्टिमीटरवर नेहमी जोडलेला दिसला पाहिजे. नसेल तर गेला, आणि तो का गेला हेही बघायला हवं. हीटर दीडशे वॅटचा असेल तर साडेतीनशे ओहमच्या आसपास दाखवेल. बायमेटलपाशी मात्र बरेच जण फसतात. हा थंडीत जुळणारा आणि गरम झाला की तुटणारा स्विच आहे. तो काढून ओट्यावर ठेवून तपासला तर चांगला असला तरी तुटलेलाच दिसणार. आयटीआयमध्ये शिकवताना मी पोरांना आधी तो बर्फात ठेवायला लावायचो आणि मगच मीटर हातात द्यायचो. वाटीभर बर्फात मीठ घाला, त्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दहा मिनिटं ठेवा आणि मग बघा. तेव्हाही जुळला नाही तर बदला. हा भाग काही शे रुपयांच्या आतला मामला आहे. यजमानांना तो आकडा आधी सांगा, नव्या फ्रीजचं नंतर बघू.

आणि कुणी खरोखरच गॅस भरायला बसला तर एकच प्रश्न विचारा : ‘गळती कुठे आहे?’ उत्तर नसेल तर त्याला चहा पाजून निरोप द्या. गळती शोधून बुजवणं, नवा ड्रायर (नळीतली ओल शोषणारा फिल्टर) बसवणं, व्हॅक्यूम काढणं म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून घेणं आणि आतल्या लेबलवर लिहिलेल्या ग्रॅममध्येच काट्यावर मोजून गॅस भरणं, एवढं झालं तर ते काम. सात वर्षांच्या फ्रीजमध्ये बहुधा आर-६०० ए असेल, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेटतो. नळ्यांत गॅस असताना त्यांना ज्योत लावणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरात उभं करू नका.

प्रश्न : सिंगल डोअर फ्रीजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा एवढा थर साचतो की बर्फाचा ट्रे निघत नाही. सुरीने काढला तर चालेल का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : नाही. त्या थराखालीच अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गॅसची वाट आहे. सुरीचं टोक एकदा आत गेलं की वर ज्याला मी खोटं म्हणालो ते ‘गॅस गेला’ खरं होतं, आणि अनेकदा सगळा फ्रीझरच बदलावा लागतो. डीफ्रॉस्टचं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर फ्रीज बंद करून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि दार लावून घ्या. बर्फ बोटाएवढा जाड झाला की हे करायचं, ट्रे अडकेपर्यंत थांबायचं नाही. थर फार लवकर साचत असेल तर दाराचं रबर बघा. दारात नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर रबर ढिलं आहे. आधी साबणाच्या पाण्याने पुसून त्याच्या खाचांतली घाण काढा, नंतर कोमट फडक्याने शेकून ताणून बसवा. हॉस्टेलमधल्या फ्रीजचं रबर बहुतेक वेळा घाणीनेच ढिलं पडलेलं असतं.

प्रश्न : भाजीच्या ट्रेखाली रोज वाटीभर पाणी साठतं.
– एक वाचक, अमरावती

उत्तर : मागच्या भिंतीच्या तळाशी एक लहान भोक असतं, ते कोथिंबिरीच्या काड्यांनी तुंबलंय. प्लग काढा, जाड नायलॉनची दोरी किंवा वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी हलक्या हाताने फिरवा आणि वरून कोमट पाणी सोडा. मागच्या ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला की मोकळं झालं समजा.